पीक वाढलं म्हणजे पोट सुरक्षित झालं, असं नाही : सोलापूर जिल्हा नियोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सोलापूर

विषय : जिल्ह्याच्या अन्नसुरक्षेबाबतचे काही रूढ समज

स.न.वि.वि.

मी मंगळवेढा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि करडई घेतो, हलक्या तुकड्यात तूर असते. विहीर आहे, पण फेब्रुवारी सरला की तिचा भरवसा राहत नाही. जिल्ह्याच्या विकासाच्या आराखड्यांत 'अन्नसुरक्षा' आणि 'हवामान बदलाला तोंड देणारी शेती' हे शब्द आता नेमाने येतात, त्याचं मला समाधान आहे. पण त्या शब्दांखाली जी कामं येतात ती ठरलेली असतात : उत्पादकता वाढवणे, गोदाम, शीतगृह, पीकविमा. यातलं एकही काम वाईट नाही. अडचण अशी, की ही सगळी मांडणी पाऊस वेळेवर पडला, रस्ते चालू राहिले, भाव टिकला, असं धरून केलेली असते. अशा वर्षी जिल्हा कसाही तगतो. प्रश्न वाईट वर्षाचा आहे, आणि आपल्याकडे वाईट वर्ष दर दोन-चार वर्षांनी येतंच.

लांब जायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात त्रेसष्ट टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. ते वापरायला लागलं की टक्के उणे मोजतात, आणि त्याच मृतसाठ्यातून आपण शहरांची तहान भागवत होतो. त्यानंतर दीड वर्षही झालं नाही तोच, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची उभी पिकं गेली, कित्येकांच्या रानातली मातीच खरडून गेली. ज्या पंधरवड्यात शाळूची पेरणी सुरू व्हायची, त्या पंधरवड्यात रानात पाय टाकता येत नव्हता. एकाच जिल्ह्यात, त्याच शेतकऱ्यांवर, लागोपाठ ही दोन संकटं आली. सोलापूर म्हणजे दुष्काळी जिल्हा, एवढं धरून केलेलं नियोजन आता निम्मं आहे.

पहिला समज उत्पादनाचा. एकूण टन वाढले की अन्न सुरक्षित झालं, असं आपण धरून चालतो. १९६० मध्ये राज्य झालं तेव्हा महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र ज्वारीखाली होतं. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही उरलेलं नाही. त्या जागी ऊस, सोयाबीन, मका, फळबागा आल्या. आकड्यांत शेती वाढली. पण पाणी न देता, नुसत्या रानातल्या ओलीवर चार महिने उभं राहून माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देणारं पीक मागे सरलं, ही घट कुठल्या तक्त्यात दिसते?

शाळूचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेर होते. पाऊस थांबलेला असतो, पुढे पडेलच याची खात्री नसते. काळी माती जसजशी सुकते तसतशी तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून कोळपं घालायचं, भेगा बुजवायच्या, वर भुसभुशीत मातीचा थर ठेवायचा. आमच्याकडे म्हणतातच, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. शाळू अजूनही बहुतेक ठिकाणी हातानं उपटला जातो. ताट मुळासकट ओढायचं, माती झटकायची, आडवं टाकायचं. दिवसभरात तळहाताची सालं निघतात, कंबर धरते. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. मग कणसं खुडायची, मळणी करायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. कडबा शेकड्यानं विकला जातो आणि वाईट वर्षी तोच धान्यापेक्षा जास्त पैसे देऊन जातो.

ज्वारी मागे पडली ती लोकांना भाकरी नको झाली म्हणून, असं बैठकांत सहज बोललं जातं. हे खरं नाही. पुण्या-मुंबईत चांगली मालदांडी, म्हणजे शाळूचा आमचा नावाजलेला वाण, गव्हापेक्षा महाग विकली जाते. सोलापूरची कडक भाकरी बायका घरोघरी करून राज्यभर पाठवतात आणि मागणी पुरी होत नाही. ज्वारी मागे पडली ती काढणीच्या कष्टामुळे आणि खरेदीची हमी नसल्यामुळे. २०२५-२६ साठी केंद्रानं मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर केला. भाव कागदावर आहे, पण शाळू मार्चमध्ये घरात येतो आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत लहान शेतकऱ्यानं माल विकून उसनवारी भागवलेली असते. हमीभाव मग ज्याला थांबता येतं त्याच्या वाट्याला जातो.

आणि रेशन? मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. याच गावातल्या कार्डधारकाच्या पिशवीत बहुतेक महिने बाहेरच्या राज्यांतून आलेला गहू आणि तांदूळ पडतो. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि त्या धान्यानं लाखो घरं तगली आहेत. ती योजना कमी करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, की त्याच कायद्यात भरडधान्याची सोय आहे. जिल्ह्यात पिकलेली ज्वारी जिल्ह्यातच खरेदी करून जिल्ह्याच्याच दुकानांत आणि शाळांच्या पोषण आहारात गेली, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, मुलांच्या ताटात ओळखीची भाकरी येईल आणि पूर येऊन रस्ते तुटले तरी धान्य तालुक्यातच असेल.

दामाजीपंतांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं भुकेल्या लोकांना खुली केली. त्यांच्या धैर्याला आपण हात जोडतो, ते योग्यच आहे. पण नियोजन करणाऱ्यांनी त्या गोष्टीतली दुसरी बाजूही पाहावी : कोठार मंगळवेढ्यात होतं, भरलेलं होतं आणि कुलूप उघडण्याचा निर्णय घेणारा माणूस तिथेच हजर होता. आज धान्याचा साठा देशाकडे भरपूर आहे. तालुक्यात किती दिवसांचा आहे आणि रस्ता बंद झाला तर तो कोणाच्या सहीनं बाहेर निघतो, हे तुमच्यापैकी किती सदस्यांना सांगता येईल?

दुसरा समज गोदाम आणि शीतगृहाचा, आणि इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण या कामांवर पैसा बराच जातो. साठवण पाहिजेच. पण कशाची साठवण, हे आधी ठरायला हवं. कांद्याचं उदाहरण घ्या. सोलापूरच्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. हा बहुतांश लाल कांदा, खरिपातला आणि रांगड्यातला, म्हणजे खरिपानंतर उशिरा लावलेला. त्यात पाणी जास्त, पापुद्रा पातळ, मान जाड. तो टिकत नाही. काढला की दोन-तीन आठवड्यांत विकावाच लागतो, नाहीतर कोंब येतात, सड लागते. कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवण-कोठीत, चार-पाच महिने राहतो तो उन्हाळी, गावरान कांदा. आणि त्यालाही हवा खेळती लागते, खालून-बाजूनं वारा लागतो. भाजी-फळांसाठी बांधलेल्या दमट शीतगृहात कांदा ठेवला तर बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो आणि कोंब धरतात. तेव्हा 'कांदा उत्पादकांसाठी शीतगृह' असं लिहून निधी टाकला, तरी ज्या कांद्याच्या भावासाठी आमची माणसं डिसेंबरात रडतात त्याला त्याचा उपयोग नाही.

त्या लाल कांद्याला हवा असतो आठ-दहा दिवसांचा मोकळा बाजार. आणि नेमकं तेच आमच्याकडून काढून घेतलं जातं. ८ डिसेंबर २०२३ ला, लाल कांद्याची आवक वाढत असतानाच, केंद्रानं निर्यातबंदी केली. ती उठायला मे २०२४ उजाडला, तीही ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लावून. तोवर आमचा सगळा लाल कांदा मातीमोल जाऊन संपलेला होता. निर्यातीचं धोरण तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण जिल्ह्याचा आवाज तिथवर नेणं तुमच्याच हातात आहे. खाणाऱ्याला स्वस्त मिळावं म्हणून पिकवणाऱ्याला अचानक तोडलं, तर पुढच्या हंगामात तो लावणच कमी करतो आणि वर्षभरानं कांदा पुन्हा महाग होतो. ग्राहकाची सुरक्षा आणि शेतकऱ्याची सुरक्षा वेगळ्या करता येत नाहीत. साठवणीचा निधी द्यायचाच तर उन्हाळी कांद्याच्या चाळींना द्या, कांदा वाळवून त्याचे काप आणि पावडर करणाऱ्या महिला गटांना द्या, शाळू आणि तुरीसाठी गावपातळीवरच्या लहान कोरड्या गोदामांना द्या. गोदामात ठेवलेल्या मालावर तारण कर्ज द्यायची योजना आहे, पण पंचवीस पोती घेऊन साठ किलोमीटरवरच्या गोदामात जाणं गाडीभाड्यानंच परवडत नाही.

आता उसाबद्दल. हा विषय निघाला की लोक दोन बाजूंना वाटले जातात, म्हणून जपून लिहितो. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीतला अगदी लहान हिस्सा उसाकडे आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा तो घेतो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंही वारंवार मांडलेलं आहे. उजनीच्या कालव्यांवर हे डोळ्यांनी दिसतं. तरी ऊस लावणारा शेतकरी लोभी आहे, त्याला पाण्याची किंमत कळत नाही, हा समज मला मान्य नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ऊसच लावला असता. उसाला कायद्यानं ठरलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच किमान दर, आहे, गाळपासाठी कारखाना आहे, तोडणीला टोळी येते, चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन कायद्यात आहे. ते पैसे कधी कधी महिनोन्‌महिने अडकतात, तरी ते बुडणार नाहीत एवढी आशा असते. तुरीला, करडईला, हरभऱ्याला, शाळूला यातलं काय आहे? गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. शेतकरी पाण्याची हाव धरून उसाकडे गेला नाही, खात्रीमागे गेला. ऊस कमी करा असं सांगून काही होणार नाही. जी खात्री उसाला दिली तिच्यातली निम्मी जरी इतर पिकांना दिली, तर माणसं आपल्या हिशेबानंच क्षेत्र बदलतील. सोबत एक गोष्ट तुम्ही लगेच करू शकता : दरवर्षी पावसाळा संपल्यावर गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडायचं आणि त्यावरच रब्बीची पिकं ठरवायची. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे.

आमच्या सुशिक्षित मित्रांकडून आणखी एक गोष्ट अलीकडे फार ऐकू येते. बाहेरचं काही नको, गावानं आपलं आपणच पिकवून खावं, म्हणजे संकट येणार नाही. स्थानिकतेवर माझं प्रेम आहे, वर ज्वारीबद्दल लिहिलंच. पण हा विचार टोकाला नेला तर तो आमच्यासारख्या जिल्ह्याला उपाशी मारील. ज्या वर्षी शिवारात दाणा नाही त्या वर्षी धान्य बाहेरूनच यावं लागतं. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आला, लोकांनी नाकं मुरडत का होईना खाल्ला आणि जगले. बाहेरची वाट हवीच, फक्त ती एकच असू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मुंबईत दुधाची चणचण झाली, कारण एवढं दूध एकाच भागातून, एकाच रस्त्यानं जात होतं. मे २०२० मध्ये कोरोनामुळे वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. त्या काळात शेतकरी गट थेट सोसायट्यांच्या दारात भाजी घेऊन गेले म्हणून शहर आणि शेतकरी दोघंही निभावले. ते गट नंतर बहुतेक विरले, कारण संकट सरल्यावर त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. बाजार समिती राहू द्या, तिच्या जोडीला थेट विक्रीचे दोन-चार मार्ग जिवंत ठेवा, एवढंच मागणं आहे.

बियाण्याबद्दल थोडक्यात. जुनं ते सोनं आणि नवं ते विष, किंवा याच्या उलट, अशी जी भांडणं चालतात त्यात वेळ जातो. आमची मालदांडी म्हणजे एम ३५-१ ही गावरान वाणातूनच, मोहोळच्या केंद्रात सरकारी शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात निवडून काढलेली. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं पुढे हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे वाण दिले. तिकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या वालाच्या, भाज्यांच्या, भाताच्या बियाण्यांनी पद्मश्रीपर्यंत मजल मारली. एकाच गावात जमीन तीन प्रकारची असते, तर बी एकच का वाटायचं? अनुदानावरचं बियाणं वाटताना जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण द्या, आणि प्रत्येक तालुक्यात एक तरी बीज बँक उभी करा. पेरणी वाया गेली तर दुसऱ्या पेरणीला बी कुठून आणायचं, हा प्रश्न सप्टेंबर २०२५ नंतर आमच्या भागात फार जणांना पडला होता.

सगळ्यात खोल रुजलेला समज शेवटी घेतला, कारण त्याची किंमत जिवानं मोजलेली आहे. धान्य उपलब्ध असलं की भूक नसते, असं आपण मानतो. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा फार होरपळला. तेव्हा सोलापूरला रेल्वे येऊन पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. गाडी होती, देशात धान्य होतं, पण मजुराच्या गाठीला ते विकत घ्यायला पैसा नव्हता. माणसं मेली. त्याच्या शेजारी १९७२-७३ ठेवा. राज्यात पीक जवळजवळ बुडालं होतं. पण मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडून, तलाव खोदून, नालाबांध घालून त्यांना मजुरी मिळत होती, सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळत होती. हाल झाले, पण लोक जगले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये राज्यानं कायदा केला आणि नंतर देशानं त्याच वाटेनं कायदा केला. अन्नव्यवस्था टिकाऊ करायची म्हणजे वाईट वर्षात मजुराच्या हातात आठवड्याला पैसा पडेल, हे आधी बघायचं. कामाचे प्रस्ताव तयार ठेवायचे, मजुरी तीन-तीन महिने लटकू द्यायची नाही. हे कृषी विभागाचं काम नाही म्हणून अन्नसुरक्षेच्या आराखड्यात ते येतच नाही, आणि मला हीच त्या आराखड्यातली मोठी उणीव वाटते.

रेशनचं धान्य मिळत असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली आणि ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पोट गव्हा-तांदळानं भरतं. डाळ, तेल, हिरवी भाजी, दूध, अंडी बाजारातून आणावी लागतात. करडईचं तेल आणि तुरीची डाळ एकेकाळी आमच्या घरची होती. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा आमच्या वाडीवरच्या फोडणीला त्याची झळ बसली. शाळूच्या रानात करडईचे चार तास, म्हणजे चार ओळी, टाकणं आमच्या वाडवडिलांना कोणी शिकवलं नव्हतं. काटेरी पीक म्हणून काढायला त्रास आहे. यंत्र मिळालं तर ते परत येईल.

पीकविम्याबद्दल मी मुद्दाम जास्त लिहिलेलं नाही. तो मिळायलाच हवा, आणि वेळेवर हवा. पण विम्यानं पैसे येतात, गेलेली माती येत नाही आणि जनावराचा चाराही येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्यांत जनावरांसोबत माणसांनी मुक्काम केले. त्यांना घातला काय, तर ऊस आणि उसाचं वाढं. चांगल्या वर्षी कडबा मातीमोल असतो. तो तेव्हाच खरेदी करून तालुक्याला एक चारा साठा का ठेवू नये?

माझ्या मागण्या कामापुरत्या लिहितो. यंदाचा शाळू निघण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवेढा, बार्शी, करमाळा आणि अक्कलकोटला ज्वारीचं खरेदी केंद्र उघडावं, आणि लहान शेतकऱ्याचा माल आधी घ्यावा. खरेदी झालेली ज्वारी याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांना द्यावी. काढणी यंत्रं आणि करडईची यंत्रं शेतकरी गटांना भाड्यानं देता येतील अशी केंद्रं नावीन्यपूर्ण योजनांच्या निधीतून उभी करावीत. पूर आणि दुष्काळ दोन्हींत वाटायच्या शिधा संचात महिला गटांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यावी. ती न शिजवता खाता येते आणि आठवडे टिकते, पुरात चूल पेटत नाही तेव्हा कोरड्या तांदळाचं काय करायचं? आणि समितीच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक तालुक्याचं एक पान मांडावं : रस्ता बंद, वीज नाही, बाजार बंद, अशा स्थितीत या तालुक्यात धान्य किती दिवसांचं, चारा किती दिवसांचा, बियाणं कोणाकडे आणि हे सगळं वाटायचा अधिकार कोणाचा.

ते पान तयार करायला आमच्या गावातली तरुण मुलं आणि बचत गटाच्या बायका तयार आहेत. तलाठी आणि कृषी सहायक यांनी एक दिवस ठरवून ग्रामपंचायतीत बसावं. आम्ही घरोघरची कणगी आणि गंजी मोजून देऊ.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी